रेफरन्स आबा

फौजींच्या गावात माणसांचे साचे ठरलेले असतात. एक जण भर मे महिन्यातही सियाचिनच्या थंडीत बसलेला असतो. एक जण पहाटे पाचला स्वतः उठतो आणि साऱ्या गल्लीला फॉलिन करतो. एकाला कॅन्टीनच्या कार्डावर या महिन्याचं किती उरलंय, हे पोराच्या मार्कांपेक्षा चोख पाठ असतं. आणि एक असतो माजी हेडक्लार्क. बंदूक कुठं चालवली, हे त्याला कुणी विचारत नाही. पण गावातल्या कुठल्याही फौजीच्या घरी खाकी लखोटा आला, की घरातली बाई पदर सारखा करून आधी त्याच्या दारात येऊन उभी राहते.

गडहिंग्लज तालुक्यातल्या आमच्या गावात हे काम रेफरन्स आबांकडे आहे. तोंडावर सगळे त्यांना क्लार्कसाहेब म्हणतात. निवृत्त झाले ते सुभेदार म्हणून, पण सुभेदारसाहेब म्हटलेलं त्यांना फारसं रुचत नाही. ‘सुभेदार गावात ढिगानं आहेत,’ ते म्हणतात, ‘क्लार्क एकच.’ रेफरन्स हे नाव पोरांनी पाडलं. कुठलंही बोलणं संदर्भ दिल्याशिवाय सुरू करायचं नाही, ही आबांची जन्माची सवय. सकाळी दूधवाल्याला म्हणतील, ‘रेफरन्स तुझं कालचं दूध. पाणी जास्त. आज सुधारणा अपेक्षित.’ सुनेला म्हणतील, ‘रेफरन्स माझा मघाचा चहा, जो अद्याप आलेला नाही.’ थोरल्या भावाच्या मयताला बसलेल्या पाहुण्यांना त्यांनी, ‘रेफरन्स आण्णांचं आजारपण,’ अशी सुरुवात करून सगळी हकीकत मुद्देवार सांगितली होती. पाहुण्यांनी नंतर कबूल केलं, की इतकी स्पष्ट हकीकत त्यांना दवाखान्यातही कुणी सांगितली नव्हती.

आबांचं ऑफिस म्हणजे घराचा पुढचा सोपा. टेबलावर काच. काचेखाली पेन्शनच्या कागदाची झेरॉक्स आणि माजी सैनिकांसाठीच्या ईसीएचएस दवाखान्याचं वेळापत्रक. उजव्या हाताला टाचण्यांची डबी, डाव्या हाताला हिरव्या टॅगांची जुडी आणि समोर लाल पेन. हे लाल पेन फार महत्त्वाचं. फौजेत हवालदाराच्या कंडक्ट शीटवर ज्या शाईनं नोंद पडू नये म्हणून सगळे देव पाण्यात घालतात, ती शाई लाल. ती टाळायची कामगिरी आबा त्याच रंगाच्या पेनानं करतात.

कारण आबांचा धंदा जबाब लिहायचा. पैसे घेत नाहीत, तेव्हा धंदा तरी कसा म्हणायचा? व्यसनच म्हणू. पलटणीतून ‘कारणे दाखवा’ आली, एक्स्प्लनेशन कॉल झालं, कुणाचं आय-कार्ड हरवलं, कुणी रजेवरून उशिरा गेला, की त्या कागदाचं उत्तर आबांच्या सोप्यात तयार होतं. हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर राजस्थानातून, अरुणाचलातून नोटिशींचे फोटो येतात. आबा चष्मा कपाळावर चढवून मोबाईल डोळ्यांजवळ नेतात आणि नोटीस वाचायच्या आधी तिचा नंबर, तारीख आणि खालची सही वाचतात. ‘मजकूर सगळ्या नोटिशींत एकच असतो,’ हे त्यांचं मत. ‘सही वाच. कुणाला राग आलाय हे आधी कळलं पाहिजे.’

फौजेतल्या ताशेऱ्यांचं शास्त्र नागरी माणसाला ठाऊक नसतं. आपल्याकडे साहेब खवळला तर खवळला, संध्याकाळपर्यंत विसरतो. फौजेत रागाला श्रेण्या आहेत. आबा ते शास्त्र चहाबरोबर फुकट शिकवतात. जवानाची किंवा एनसीओची चूक झाली, की टोपी-बेल्ट उतरवून त्याला सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर साहेबांसमोर मार्च करत नेतात. १९५० च्या आर्मी अ‍ॅक्टाचं कलम ८० सीओला तिथल्या तिथं शिक्षा द्यायचा अधिकार देतं, अगदी २८ दिवसांच्या कैदेपर्यंत. नायक-हवालदारांच्या वाट्याला बऱ्याचदा येते ती सिव्हिअर रेप्रिमांड. म्हणजे ना कैद, ना मार, नुसते शब्द. पण ते शब्द लाल शाईनं कंडक्ट शीटवर चढतात आणि प्रमोशनच्या बोर्डापुढं माणसाच्या आधी जाऊन बसतात. अशा चार लाल नोंदी झाल्या, की आर्मी रूल १३ खाली घरी पाठवायचं प्रकरण सुरू होऊ शकतं. त्यालाही आधी नोटीस लागते, चौकशी लागते. नुसत्या चार नोंदी मोजून माणूस काढता येणार नाही, त्यानं कुठं, किती आणि कशी नोकरी केली हेही बघा, असं सुप्रीम कोर्टानं २०१५ साली बजावलं. तो निकाल आबांनी आख्खा छापून आणलाय आणि त्याला खाकी पुठ्ठा घातलाय. पाडव्याला त्याची पूजा करतात, असं गावात म्हणतात. मी पाहिलेली नाही. पण हळदीकुंकवाचं एक बोट पुठ्ठ्यावर दिसतं खरं.

जेसीओ आणि अफसर मंडळींचं निराळं. त्यांच्यासाठी सेन्शुअर. ते आर्मी अ‍ॅक्टात नाही, रिवाजातून आलेलं आहे. त्यात नुसतं डिस्प्लेजर आणि सिव्हिअर डिस्प्लेजर असे दोन वाण, आणि पुन्हा रेकॉर्डेबल, नॉन-रेकॉर्डेबल असे पोटभेद. पलटणीतला एखादा सुभेदार ‘नॉन-रेकॉर्डेबलवर निभावलं’ म्हणून पेढे वाटतो, तेव्हा आबा मान हलवतात. ‘रेकॉर्डवर आलेली नाराजी कधीतरी संपते,’ ते म्हणतात. ‘आमच्या सासऱ्यांची नॉन-रेकॉर्डेबल होती. ते गेले तरी चालू आहे.’

आबांची कारागिरी बघायची तर रविवारी बघावी. त्या दिवशी बेळगावहून आउटपासवर पोरं येतात. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी असाच एक हवालदार आला. वरच्या आळीतलाच, तिशीतला, छाती पुढं आणि चेहरा पडलेला. रजेवरून नऊ दिवस उशिरा हजर झाला होता. कलम ३९. लेखी खुलासा मागितलेला. त्यानं रात्रभर बसून अडीच पानं लिहिली होती आणि ती दोन्ही हातांनी आबांपुढं धरली. आबांनी ती वाचायच्या आधी तळहातावर तोलली.

‘जड आहे,’ ते म्हणाले. ‘जड जबाब बुडतो. बस.’

पहिल्याच पानावर हवालदारानं एसटी बंद असल्याचं कारण दिलं होतं. आबांनी चष्म्यावरून बघितलं. ‘तुझी पलटण कुठं?’

‘बेळगाव.’

‘लेका, इथनं बेळगाव दोन तास. रांगत गेला असतास तरी नऊ दिवस लागले नसते.’ एसटीवर लाल रेघ गेली.

पुढं आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. आबांनी तारीख विचारली. रजा संपली अकराला, ऑपरेशन तेराला. मोतीबिंदू. ‘त्यात पेशंटला त्याच दिवशी घरी सोडतात,’ आबा म्हणाले, ‘म्हणजे चौदाला तुझी आई तुला स्वच्छ बघत होती. घरात. जिथं तू असायला नको होतास.’ रेघ.

नंतरचा परिच्छेद सीएचएमबद्दल होता. कंपनी हवालदार मेजर आपल्यावर खार खाऊन आहे, हे पोरानं उदाहरणांसकट मांडलं होतं. हे खरं असावं, कारण आबांनी तो परिच्छेद दोनदा वाचला आणि एकदा हसले. मग तोही उडवला. त्यानंतर आला सगळ्यांत धोक्याचा मुद्दा. मागच्या साली दुसऱ्या कंपनीतला एक जण बारा दिवस उशिरा आला, त्याला कुणी काही केलं नाही. इथं आबांनी पेन खाली ठेवलं.

‘हे पाठवलंस तर काय होईल सांग.’

‘साहेबांना कळंल, अन्याय झालाय ते.’

‘साहेबांना कळेल, की पलटणीत अजून एक जण सापडला. त्याला नोटीस निघेल. त्यात लिहिलेलं असेल, रेफरन्स तुझं हे पत्र. मग त्या कंपनीत तू पाणी पिऊन दाखव. कोई शक?’

‘कोई शक’ हा आबांचा पूर्णविराम आहे. ड्रिल शिकवणारे उस्ताद धडा संपला की हे विचारतात आणि कुणाला शंका असणं अपेक्षित नसतं.

अडीच पानांतलं सगळं गेल्यावर कागदावर उरलं फक्त नाव आणि आर्मी नंबर. हवालदार आता रडकुंडीला आला होता. तेव्हा आबांनी त्यांचा खरा प्रश्न विचारला, जो ते प्रत्येकाला विचारतात आणि जो विचारताना त्यांचा आवाज एकदम खाली येतो. ‘आता घडलं काय ते सांग.’

घडलं होतं ते असं. शेंगा रानात होत्या. परतीचा पाऊस सांगून ठेवलेला. वडील गेल्या साली वारले, भाऊ पुण्यात, गावात बाईमाणसाला दुप्पट मजुरी देऊनही कुणी मिळेना. भिजल्या रानात शेंगा चार दिवस जास्त राहिल्या की जागच्या जागी कोंब फुटतात. मग त्या ना तेलाच्या, ना खायच्या. पोरगं रोज रात्री बॅग भरायचं आणि सकाळी वेल उपटायला रानात जायचं. नऊ दिवस. फोन केला नाही, कारण फोन केला तर साहेब ‘ये’ म्हणतील, ही भीती.

‘हे का लिहिलं नाहीस?’

‘लाज वाटली, आबा. ऑपरेशन बरं दिसतं.’

आबांनी स्वच्छ कागद घेतला आणि चार ओळी लिहिल्या. घरी शेंगा काढायच्या होत्या, दुसरा माणूस नव्हता. रजा वाढवून मागायला हवी होती, मागितली नाही; ही माझी चूक. नऊ दिवस माझं काम दुसऱ्यांवर पडलं, याची जाणीव आहे. पुन्हा असं होणार नाही. झालं. ‘उपरोक्त’ नाही, ‘परिस्थितीवशात’ नाही, देवाची शपथ नाही. हवालदारानं कागद उलटून मागं काही आहे का बघितलं.

मला ह्या चार ओळींचं तेव्हाही नवल वाटलं होतं. जबाब म्हणजे वकिली, असाच आपला समज असतो. आबांचा जबाब म्हणजे साहेबाच्या हातातलं काम आधीच करून ठेवणं. चूक कोणती, हे साहेबानं सांगायचं असतं, ते आपण सांगून टाकायचं. कुणाला त्रास झाला, हे साहेबानं सुनवायचं असतं, तेही आपणच लिहायचं. मग साहेबाकडे सही करण्यापलीकडे उरतं काय? त्या हवालदाराला सिव्हिअर रेप्रिमांड होणार असं सगळे धरून चालले होते. झाली नुसती रेप्रिमांड. आबांनी ती बातमी गावभर अशी सांगितली, जणू एखादी चौकी जिंकलीय. ‘विशेषण उडवलं,’ ते म्हणत होते. ‘आख्खं विशेषण.’

चांगला ताशेरा कसा असावा, याचंही आबांचं शास्त्र आहे आणि त्यांच्या मते त्यातला आदर्श १६७५ सालचा आहे. प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला शिवाजी महाराजांनी लिहिलेलं ते पत्र. पद्मदुर्गाच्या कामी आरमाराला पैसा आणि धान्य पोचवायचा हुकूम असताना ते पोचलं नाही, म्हणून महाराजांनी त्याला असा काही फैलावर घेतला, की जंजिऱ्याच्या हबशानं तुला काही चारलं असेल, इथपर्यंत विचारलं. ‘काय केलं नाहीस, त्यानं काय बिघडलं, आता काय होईल, सगळं आहे,’ आबा सांगतात. ‘एक शब्द फालतू नाही. अशा नोटिशीला जबाब एकाच ओळीचा. अमुक तारखेला रसद रवाना केली. बस. रसद न धाडता तू महाभारत लिहिलंस तरी उपयोग नाही.’

एवढं सगळं ज्याला कळतं, त्याची स्वतःची कंडक्ट शीट कोरी असणार, असं कुणालाही वाटेल. आबांच्या शीटवर एक लाल नोंद आहे. ते लपवत नाहीत. उलट नव्या माणसाला दुसऱ्या चहाला ती हकीकत ऐकावीच लागते.

तेव्हा ते हवालदार क्लार्क होते. महिन्याचं एक रिटर्न वर गेलं, त्यात बेरजेत एक माणूस कमी पडला. टाइपरायटरची चूक, म्हणजे आबांची. नोटीस आली. दुसरा कुणी असता तर आबांनी त्याला दोन ओळी लिहून दिल्या असत्या. पण नोटीस स्वतःच्या नावाची होती. आबांनी ती उजेडात धरून वाचली आणि त्यांच्या लक्षात आलं, की नोटिशीवरची तारीख रिटर्नच्या तारखेच्या तीन दिवस आधीची आहे. कुणीतरी घाईत चुकीची तारीख घातली होती. शहाणा माणूस हसला असता. आबांनी तीन पानी जबाब लिहिला, जोडपत्र अ ते इ सह. सहाव्या पॅऱ्यात त्यांनी विचारलं, की ही चूक घडणार हे वरिष्ठ कार्यालयास जर तीन दिवस आधीच ज्ञात होतं, तर ती रोखण्यासाठी सदर कार्यालयानं कोणती पावलं उचलली?

‘मुद्दा बिनतोड होता,’ आबा अजूनही म्हणतात.

होता. म्हणूनच सिव्हिअर रेप्रिमांड झाली. बेरजेतल्या एका माणसाबद्दल नव्हे, सहाव्या पॅऱ्याबद्दल. साहेब चुकला तर त्याला वाट काढून द्यावी लागते; आबांनी त्याला कोपऱ्यात गाठला होता. हे त्यांना कळत नाही असं नाही. दुसऱ्याच्या कागदावर बरोबर कळतं. स्वतःच्या कागदावर त्यांच्यातला क्लार्क एकदम सरसेनापती होतो.

सरसेनापतीवरून आठवलं. यंदाच्या फेब्रुवारीत शेजारच्या गावातल्या एका मंडळानं प्रतापराव गुजरांच्या स्मृतिदिनाला आबांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. नेसरीची खिंड आमच्यापासून जवळच. २४ फेब्रुवारी १६७४ ला प्रतापराव तिथं पडले, हे इथल्या पोराला अंगणवाडीतच कळतं. उमराणीला विजापूरच्या बहलोलखानाचं पाणी तोडून त्याला जेरीला आणला आणि शरण आल्यावर सोडून दिला, म्हणून महाराज संतापले. खानाला बुडवल्याशिवाय तोंड दाखवू नका, असा शब्द आला. खान पुन्हा उलटून आल्याचं कळताच प्रतापराव मागंपुढं न बघता सहा स्वारांनिशी खानाच्या फौजेत घुसले. त्यावर कुसुमाग्रजांची कविता आहे, मंगेशकरांचं गाणं आहे. ते गाणं लाउडस्पीकरवर वाजून संपलं, लोकांच्या अंगावरचा काटा अजून बसला नव्हता, तेवढ्यात आबा उठले.

‘रेफरन्स,’ ते म्हणाले, ‘सरनौबत प्रतापराव यांना मिळालेला हुजूरचा ताशेरा.’

मंडप शांत झाला. फौजी गाव असल्यामुळे लोकांना वाटलं, काहीतरी खास ऐकायला मिळणार. मिळालंही.

‘प्रतापरावांनी जबाब लिहायला पाहिजे होता.’

मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. आबा थांबले नाहीत. त्यांनी मंडपात, हातात कागद नसताना, प्रतापरावांचा जबाब तोंडी डिक्टेट केला. एक, हुजूरचं पत्र पावलं. दोन, उमराणीस खान हाती आला असता सोडला, हे खरं. तीन, सोडण्यापूर्वी हुजूरची आज्ञा घ्यायला हवी होती, घेतली नाही. ही माझी चूक. चार, खान पुन्हा चालून येतो आहे, फौज एकवटून त्यास गाठतो. पाच, तोवर तोंड दाखवत नाही. ‘बघा,’ आबा म्हणाले, ‘पाचव्या पॅऱ्यात साहेबांची अट पण पाळली. एवढं लिहायला अर्धा तास लागतो. अर्ध्या तासात डोकं थंड होतं. डोकं थंड झालं, की माणूस मागं वळून बघतो, फौज कुठाय? जबाब साहेबासाठी नसतोच. जबाब त्या अर्ध्या तासासाठी असतो.’

एक तरुण ताडकन उभा राहिला. ‘तुम्ही प्रतापरावांना कारकून करायला निघालाय!’

‘नाही,’ आबा म्हणाले, ‘त्यांच्यापाशी एक कारकून पाहिजे होता, म्हणतोय. मी असतो तर घोड्यापुढं उभा राहिलो असतो. साहेब, जावक नंबर पडल्याशिवाय जाता येणार नाही. तलवार घेऊन अंगावर आले असते, तरी नंबर घातल्याशिवाय सोडले नसते. तुमची कविता बुडाली असती, हे कबूल. पण जूनमधल्या राज्याभिषेकाला सरनौबत हजर असते.’

यानंतर जे झालं त्याला गोंधळ म्हणणं सौम्य होईल. खुर्च्या सरकल्या, घोषणा झाल्या, नारळ-शाल तशीच राहिली. प्रतापरावांच्या जागी हंबीरराव मोहित्यांना सरनौबती मिळाली त्याचं काय, असा एक अभ्यासू प्रश्न कोपऱ्यातून आला, तो कुणी ऐकला नाही. मी स्वतः त्या मंडपात बसलो होतो आणि मला काय वाटावं ते ठरेना. वीरश्रीच्या बाजूनं उभं राहणं सोपं होतं, रक्तातच आहे. पण तो म्हातारा घोड्यापुढं रजिस्टर धरून उभा आहे, हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. मला तर खात्री आहे, प्रतापरावांनी त्याला तुडवलं नसतं. शिव्या घालत थांबले असते.

आठवड्यानं मंडळाचं पत्र आलं. आपण केलेल्या वक्तव्याबद्दल मंडळ तीव्र नाराजी व्यक्त करत असून सात दिवसांत लेखी खुलासा करावा. आबा दारातच उभं राहून ते वाचत होते, आणि आनंद म्हणावा तर आनंद, संताप म्हणावा तर संताप, असं काहीतरी त्यांच्या मिशीत हलत होतं. पंचवीस वर्षांनी त्यांच्या नावाची नोटीस आली होती. पहिलं उत्तर त्याच संध्याकाळी गेलं: पत्रावर जावक क्रमांक नाही, तो घालून पुन्हा पाठवावं. मंडळाकडे जावक रजिस्टरच नव्हतं. त्यांनी एक वही विकत आणली, तिच्यात क्रमांक १ टाकला आणि पत्र पुन्हा पाठवलं.

मग आबा लिहायला बसले. सोप्याचं दार बंद. नोटिशींचे फोटो येऊन पडले, पण कुणाला जबाब मिळेना. सून सांगत होती, रात्री दीडला दिवा चालू असतो. सातव्या दिवशी खुलासा तयार झाला. अकरा पानं. जोडपत्र अ ते ऊ. त्यात उमराणीच्या लढाईचा नकाशा होता, सुप्रीम कोर्टाचा निकाल होता, जिवाजी विनायक होता आणि मंडळाच्या अध्यक्षांनी स्वतः कधी फौजेत भरती व्हायचा प्रयत्न केला होता काय, अशी एक पृच्छा होती.

योगायोगानं त्या रविवारी शेंगांवाला हवालदार आउटपासवर आला होता. सोबत भडंगाची पिशवी. तो पाया पडला, टेबलावरचा गठ्ठा त्यानं उचलला आणि न वाचता तळहातावर तोलला.

‘आबा,’ तो म्हणाला, ‘जड आहे.’

आबा काही बोलले नाहीत. हवालदारानं लाल पेन उचललं आणि आबांच्या समोरच्या स्टुलावर बसला. पहिलं पान गेलं, नकाशा गेला, निकाल गेला. अध्यक्षांच्या भरतीचा परिच्छेद त्यानं दोनदा वाचला, एकदा हसला आणि उडवला. आबा प्रत्येक रेघेला पायाचा अंगठा दाबत होते. सून दारात उभी राहून बघत होती आणि तिनं मागच्या घरात शेजारणीला हळूच हाक मारली. शेवटी चार ओळी राहिल्या. माझ्या बोलण्यानं आपली भावना दुखावली, याची जाणीव आहे. प्रतापरावांच्या शौर्याबद्दल शंका नव्हती आणि नाही. स्मृतिदिन ही ते बोलायची जागा नव्हती; ही माझी चूक. पुन्हा होणार नाही.

‘सातवा पॅरा राहू दे,’ आबा म्हणाले.

‘काय हाय त्यात?’

‘त्यांच्या पत्रात उमराणीची लढाई १६७४ ला टाकलीय. १६७३ पाहिजे.’

‘आबा, ते काढाच.’

‘का? त्यात मी बरोबर आहे.’

‘म्हणूनच म्हणतोय. कोई शक?’

आबांनी पेन त्याच्या हातातून काढून घेतलं, टोपण लावलं, पुन्हा काढलं. हवालदार बेळगावच्या गाडीला निघून गेला. सोमवारी सकाळी खुलासा रवाना झाला, तेव्हा तो पाच ओळींचा होता.

पाचव्या ओळीवर मंडळाच्या बैठकीत बरीच गरमागरमी झाली म्हणतात. पुढच्या वर्षी आबांना पाहुणे म्हणून बोलवायचं नाही, हे एकमतानं ठरलं. पत्रिका छापायला देण्याआधी तारखा बघायला त्यांच्याकडे पाठवायची, हेही ठरलं. त्याचं पत्र आलं. जावक क्रमांक २.